पंधरा तोळ्यांची ओळ

"मुलीच्या अंगावर पंधरा तोळे सोनं," दादानं खड्या आवाजात वाचलं आणि मी तोंड उघडायच्या आत कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून मोकळा झाला.

मी चहाचे कप गोळा करत होते. ट्रे हातात तसाच धरून मी विचारलं, "काय वाचलंस, दादा?"

"पंधरा तोळे."

"कुणी ठरवलं?"

"त्यात ठरवायचं काय? एकुलती एक भाची हाय माझी. उघड्या गळ्यानं लावून देऊ व्हय तिला?" असं म्हणून त्यानं पाहुण्यांकडे बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला. हणमंतदादा माझा सख्खा थोरला भाऊ. मनानं वाईट नाही. पण चार माणसं जमली की त्याचा हात सैल सुटतो, आणि सुटतो तो कायम दुसऱ्याच्या खिशावर.

हे दोन हजार नऊ सालच्या फेब्रुवारीतलं, रविवार दुपारचं. विट्यातल्या माझ्या दोन खोल्यांत माझ्या मुलीच्या, उज्ज्वलाच्या लग्नाच्या याद्या चालल्या होत्या. आमच्याकडे लग्न जमलं की दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसतात. मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, आहेर कुणाकुणाला, सोनं किती, हे सगळं एका कागदावर लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, कागदाला कुंकू लावायचं आणि दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. एकदा कुंकू लागलं की त्या कागदावर खाडाखोड करत नाहीत, अपशकुन मानतात. लिहायचा मान मुलीच्या मामाचा. मी दादाला मान दिला आणि मजकूर आधी बघायचा विसरले, तेवढी चूक माझी.

कारण बोलणं आधीच झालं होतं. लग्नखर्च निम्मा निम्मा, आणि माझ्याकडून मंगळसूत्र आणि कानातलं. नवऱ्यामागे एकटीनं पोर वाढवणाऱ्या एसटीच्या कंडक्टरबाईकडून याहून जास्त कुणी मागितलंही नव्हतं.

मुलाचे वडील भगवानराव मुळीक सतरंजीवर मांडी घालून ताठ बसले होते. ते गलाईवाले. आमच्या विट्याच्या आसपास घरटी एक माणूस परमुलखात गलाईचा धंदा करतो, म्हणजे जुने दागिने भट्टीत वितळवून त्यातलं चोख सोनं काढतो. मुळीकांची भट्टी कोइमतूरला होती. तीस वर्षं भट्टीपुढे बसलेला माणूस, कमी बोलायचा.

"ताई, आमी मागितलं न्हवतं," ते म्हणाले. "पण तुमच्याच माणसानं लिवलं, कुंकू लागलं. आता खोडायचं म्हंजे..."

"खोडायचं," मी म्हणाले.

 मुळीकांच्या बायकोनं पदर सारखा केला. नवरा मुलगा रणजित आपल्या मोबाइलकडे बघत राहिला. आतल्या दारात उज्ज्वला उभी होती, ती माझ्याकडे बघत होती.

मुळीकांनी कागद स्वतःच घडी करून दादाच्या हातात ठेवला. "आज सही नको. मी बुधवारी कोइमतूरला निघतोय. मंगळवारी दुपारी येतो. तवर तुमी भाऊ-भन बोलून घ्या." उठताना हात जोडून गेले. भांडखोर माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

पाहुणे जिना उतरले तसा दादा माझ्यावर उसळला. "लाज काढलीस माझी! तुझ्याकडं काय न्हाईत व्हय पैसं?"

"नाहीत."

"मग ते कागद? पोरीच्या नावानं दर म्हैन्याला भरतीस ते?"

ते कागद म्हणजे म्युच्युअल फंडाचे. उज्ज्वला सहावीत होती तेव्हापासून मी तिच्या नावावर भरत होते, आधी पाचशे, मग हजार. पगारातले हजार बाजूला काढायचे म्हणजे काय, ते महिनाअखेरीला कोरड्यासाशिवाय नुसती भाकरी खाल्लेल्या माणसालाच कळतं. दहा वर्षांत त्याचे साडेचार लाखांवर झाले होते, आणि मग मागल्या वर्षभरात शेअरबाजार असा काही आपटला, की राहिले दोन लाख तीस हजार. डेपोत माझी पार टर उडाली होती. मी पेटी जमा करायला गेले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय निकमबाई, आज किती बुडालं?" मी म्हणायचे, "तुझ्या बापाचं बुडालं का? नाही ना? मग तिकिटांचा हिशोब घे."

पण ते दिवसाचं झालं. रात्री उठून मी फंडाकडून आलेलं पाकीट पुन्हा पुन्हा उघडून बघायचे, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दादाला मात्र आकडा ठाऊक होता, मीच बोलून बसले होते.

"हे बघ कले," दादा आता समजुतीच्या सुरात म्हणाला, "निम्मं गेलंच हाय. उरल्यालं जायच्या आत काढ. तोळा पंधरा हजाराला टेकलाय. बरोब्बर पंधरा तोळं येतात. घडणावळ मी बघतो. कागदाचं सोनं झालं म्हंजे बरंच की. सोनं कधी निम्मं हुतंय का?"

"ते तिचे आहेत. लग्नाचे नाहीत."

"लग्न तिचंच हाय न्हवं? का माझं हाय?"

मी ट्रे ओट्यावर आपटला. दादा चपला घालता घालता म्हणाला, "जमल्यालं लग्न मोडलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई. इचार कर." यादीचा कागद त्यानं देव्हाऱ्यात, गणपतीच्या पायाशी ठेवला. म्हणजे मला तो फाडताही येऊ नये.

उज्ज्वला कप विसळत होती. बी. फार्म. झालेली, सांगलीत एका औषधांच्या दुकानात नोकरीला लागलेली पोर. हे लग्न आम्हीच बघून ठरवलेलं, पण गेले तीन महिने रोज संध्याकाळी रणजितचा फोन यायचा आणि ही गच्चीवर जाऊन बोलायची. खाली आली की उगाच भाजी निवडायला घ्यायची. मला दिसत होतं सगळं.

"तुला तो आवडतो ना?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. कपबशा पुसल्या, फळीवर लावल्या. "पण आई, तू मला ते कागद कशासाठी म्हणून दिले होतेस?"

"तुझे म्हणून."

"मग बघू," एवढंच म्हणाली. 

सोमवारी माझी सांगलीची ड्युटी होती. त्या गाडीला तासगावपर्यंत कोठावळे मॅडम असायच्या. कॉलेजात कॉमर्स शिकवायच्या. दहा-अकरा वर्षांपूर्वी याच गाडीत त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं होतं, की पोरीच्या नावानं थोडं थोडं भरायचं, वर गेलं तरी भरायचं, खाली गेलं तरी भरायचं, आणि वीस वर्षं त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. पहिला फॉर्म त्यांनीच गाडीत, मांडीवर पुस्तक ठेवून भरला होता. गाडी हलत असल्यानं माझं नाव त्यावर नागमोडी पडलं होतं.

त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्या शेजारी टेकले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या ठणकावून काहीतरी सांगतील. 

"निकमबाई, खरं सांगू? माझेही निम्मेच राहिलेत. तुमच्यापेक्षा जास्त होते, त्यामुळे निम्मेही मोठे आहेत. आमचे हे रोज सकाळी पेपर उघडतात आणि माझ्याकडे बघतात. बोलत नाहीत, नुसते बघतात."

"मग तुम्ही काढणार?"

"मुळीच नाही. आत्ता ते निम्मे दिसताहेत. काढले की निम्मे होतील." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण माझ्या मुलीचं लग्न अडलेलं नाही हो. तुमच्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही. तुम्हाला खोटा धीर कशाला देऊ?"

तासगाव आलं, त्या उतरून गेल्या. मी दार ओढून घंटी दिली. खोटा धीर मिळाला असता तर बरं झालं असतं, असं त्या वेळी फार वाटलं.

परत आले ती ढिली पडूनच. सगळा रस्ताभर मला उज्ज्वला भाजी निवडताना दिसत होती. तेवीस वर्षांची पोर, तिला माणूस आवडलाय, आणि मी कसल्या हट्टाला पेटले आहे? माझा हट्ट माझ्या जुन्या दुखण्याचा आहे आणि किंमत पोरीनं मोजायची, हा कुठला न्याय? मंगळवारी मी रजा टाकली. फंडाच्या पुस्तिकेत मागे पैसे काढायचा फॉर्म असतो तो फाडला आणि एकेक रकाना भरला. रक्कम: संपूर्ण. पोर अठराची झाली तेव्हा मीच धावपळ करून माझं पालक म्हणून असलेलं नाव काढून टाकलं होतं. त्यामुळे सहीची जागा तेवढी रिकामी राहिली. तिथं सही चालणार होती ती फक्त उज्ज्वलाची.

दुपारी तीनच्या सुमाराला मुळीक नवराबायको आणि रणजित आले. दादा आधीच येऊन बसला होता, नवा सदरा घालून. मी फॉर्म सतरंजीवर ठेवला.

"घ्या पाव्हणं," दादा खुलून म्हणाला, "म्हटलं न्हवतं? आमची कला तापट हाय, पण समजूतदार हाय. पोरगी सही करती, धा-पंधरा दिवसांत पैसं येत्यात, सोनाराकडं मी सवता जातो."

त्यानं देव्हाऱ्यातून यादी आणली, फॉर्मशेजारी पसरली आणि पेन काढून उज्ज्वलापुढे धरलं. तिनं पेन घेतलं. फॉर्म उचलला, वाचला. मागून पुढून वाचला. आमच्या घराण्यात कागद इतका नीट कुणी वाचत नाही.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या लग्नाच्या यादीत किती तोळे होते?"

दादाचा चेहरा एकदम बदलला. "आता ते कशाला काढतीस?"

"मामा, मी आईला विचारतेय."

 ती गोष्ट मी पोरीला कधी सांगितली नव्हती. पण ट्रंकेच्या तळाशी, माझ्या कंडक्टरच्या परवान्याखाली, एक पिवळा पडलेला कागद होता, आणि लग्नाच्या साड्या काढताना तिला तो सापडला असणार.

"अकरा," मी म्हणाले.

"ते कुठं आहेत?"

मी मुळीकांकडे बघितलं, दादाकडे बघितलं. दादा मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. माझ्या लग्नाची यादी त्यानंच लिहिली होती. वडील सही करायचे, अक्षर त्याचं चांगलं.

 मी उठले, ट्रंकेतून तो कागद आणला आणि नव्या यादीच्या शेजारी ठेवला. त्याच्या कोपऱ्यांवरचं कुंकू तपकिरी झालं होतं.

"वाच, दादा," मी म्हणाले. "तुझंच अक्षर आहे. चार तोळ्यांच्या पाटल्या, तीन तोळ्यांची मोहनमाळ, सगळं लिहिलंय. यातलं सोनं मी घातलं किती दिवस? लग्नात चार दिवस, एका डोहाळजेवणाला, आणि दोन गणपतींना. बाकी सगळं सासूबाईंच्या कपाटात. का, तर घरचं आहे, जपून राहील. कावीळ होऊन हे गेले तेव्हा ही पोर चार वर्षांची होती. चौदाव्या दिवशी मी सासूबाईंना म्हणाले, माझ्या पाटल्या द्या, मला फी भरायची आहे, टायपिंग शिकते. त्या म्हणाल्या, आता तुला सोन्याची काय गरज? दीर म्हणाले, सोनं घराण्याचं असतं. मी ही यादी घेऊन गेले. कुंकू लावलेली, सह्या केलेली. त्यांनी ती माझ्यादेखत वाचली आणि म्हणाले, बरोबर आहे, आमच्या घरात एवढं सोनं आलं."

मी तो कागद दादाच्या पुढ्यात सरकवला.

"दादा तेव्हा माझ्याबरोबर होता," मी म्हणाले. "तो मला म्हणाला, जाऊ दे, आपल्यात कोर्टकचेरी करत नाहीत."

"मग काय करायचं हुतं मी?" दादा पुटपुटला. पण आवाजात जोर नव्हता.

मी मुळीकांकडे वळले. "पाव्हणं, तुम्ही सोन्यातले. तुम्हीच सांगा. तुमच्या भट्टीत जुने दागिने येतात, ते मोडायला कोण आणतं?"

 खोटं बोलायचं असतं तर सहज बोलता आलं असतं, आम्ही थोडंच कोइमतूरला बघायला जाणार होतो. पण माणूस खरा होता, हे मी आजही म्हणेन.

"बाप्येच आणत्यात," ते म्हणाले. "नवरा, सासरा, दीर. तीस वर्षांत बाईमाणूस एकलं आल्यालं मला आठवत न्हाई."

"आणि दागिना कुणाचा असतो?"

"बाईचाच की."

त्यांच्या बायकोनं हातातल्या पाटल्या नकळत मनगटावर मागे सारल्या. तेवढा आवाज झाला.

उज्ज्वलानं फॉर्मची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये टाकला. "काका," ती मुळीकांना म्हणाली, "या कागदावर फक्त माझी सही चालते. आईची पण चालत नाही. तुमच्या घरी आले तरी माझीच चालेल. म्हणून हे मी मोडणार नाही. रणजितला आजारपण आलं, उद्या आमचं घर घ्यायचं झालं, तर मी पहिली सही करीन. पण एका दुपारी अंगावर घालून मिरवायला नाही."

मग तिनं यादी पुढे ओढली आणि दादा "अगं, अगं" करेपर्यंत कुंकू लागलेल्या कागदावरची पंधरा तोळ्यांची ओळ सरळ रेघ मारून खोडली.  

मुळीक उठले. रागावले नव्हते, घाबरले होते असं मला वाटलं. "कुंकवाचा कागद खोडला," ते दोनदा म्हणाले. "पोरीनं सवता खोडला. आता ह्यात काय राह्यलं न्हाई, ताई." बायकोला खूण करून ते दाराकडे गेले. रणजित उभा राहिला. त्यानं उज्ज्वलाकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, पायात चपला घातल्या. जिन्यावर त्याची पावलं एकदा थांबली. आम्ही दोघी ऐकत होतो. मग पावलं खाली गेली.

दादा जाताना म्हणाला, "दोघी माय-लेकी बसा आता कागदं कुरवाळत." पुढे तीन वर्षं तो माझ्या उंबऱ्याला शिवला नाही.

उज्ज्वला रडली. हे मी लपवणार नाही. शूर पोरी रडत नाहीत असं कुणाला वाटत असेल तर त्यानं त्या आठवड्यात माझ्या घरी यायला हवं होतं. संध्याकाळी फोनची वेळ झाली की ती गच्चीवर जायची आणि फोनशिवायच खाली यायची. मी तिला एकदाच विचारलं, "चुकलं का गं आपलं?" ती म्हणाली, "नाही. पण दुखतं." मग आम्ही दोघींनी मिळून भाजी निवडली.

महिन्याभरानं रणजित माझ्या गाडीत चढला. सांगलीची गाडी, पायरीवर उभा. मी पंच वाजवत त्याच्यापर्यंत गेले.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मला तेव्हा बोलायचं होतं. अण्णांपुढं हिंमत झाली नाही."

"कुठलं तिकीट?"

"मावशी, मी काय म्हणतोय..."

"ऐकलं मी. आता हिंमत झालीय का?"

त्यानं खिशातलं पाकीट काढलं, परत आत ठेवलं. मागून एक म्हातारी ओरडली, "बाई, आत जागा हाय का?"

"मग सांगलीचं तिकीट घ्या आणि पुढं सरका," मी म्हणाले. "दारात उभं राहून दुसऱ्याची वाट अडवू नका." त्यानं तिकीट घेतलं. सांगलीला उतरला, माझ्याकडे न बघता गेला. त्याच दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं, वीस तोळे घेऊन आलेल्या मुलीशी, असं कानावर आलं. मी त्याला शाप दिला नाही, पण आशीर्वाद द्यायलाही काही गेले नाही.

बाजाराचं म्हणाल तर त्याच दिवाळीच्या आसपास तो बराचसा भरून आला, आणखी वर्षभरात सगळा. दादा आता बोलतो माझ्याशी, आणि अजून मला ऐकवतो की सोनंपण त्यानंतर कितीतरी पट वाढलं. वाढलं की, मी कुठं नाही म्हणते? सोनं वाईट, असं मी कधीच म्हणाले नव्हते. डेपोतले तेच लोक मग विचारायला आले, "निकमबाई, आता घेऊ का?" मी त्यांना म्हणाले, "खाली होतं तेव्हा दात काढत होता, आता वर गेल्यावर कशाला येता?" आणि मग फॉर्म आणून दिले. उज्ज्वलानं तीन वर्षांनी आपल्या पसंतीनं लग्न केलं, याद्या न करता. दोन हजार चौदा साली तिनं ते पैसे थोडे काढले, पहिल्यांदाच, आणि विट्यात स्टँडजवळ स्वतःचं मेडिकल टाकलं. राहिलेले अजून तिच्या नावावर आहेत.

त्यानंतर दोन वर्षांनी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी मी तिच्या दुकानात बसले होते. उज्ज्वला आत खोकी लावत होती. एक म्हातारा माणूस काउंटरशी आला, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली आणि तसाच उभा राहिला. चष्मा लागला होता, पाठीत वाकले होते, म्हणून मला ओळखायला वेळ लागला.

"ताई," भगवानराव मुळीक म्हणाले. "वळखलं का?"

"ओळखलं. बसा."

ते बसले नाहीत. काउंटरच्या काचेवर हात ठेवून उभे राहिले. "माझी धाकटी लेक वर्षापूर्वी परत आली," ते म्हणाले. "नवरा गेला तिचा. पदरात दोन वर्षांची पोर हाय. तिच्या यादीत म्या पंचवीस तोळं लिवलं हुतं. चोख. माझ्या भट्टीतलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मागच्या म्हैन्यात तिच्या दिरानं ते मोडायला एका दलालाच्या हाती धाडलं. दलाल आला कोइमतूरला. दुसऱ्या कुणाकडं तरी गेला आसता तरी चाललं आसतं. आमच्याच भट्टीवर आला. त्याला ठावं न्हवतं ती भट्टी कुणाची. माझ्या पोरानं दागिनं वळखलं."

रणजितनं, हे मी मनात म्हणाले.  बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, सात वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. पण त्या विधवा पोरीला मी ओळखत होते. चौदाव्या दिवशी पाटल्या मागायला गेलेली मीच होते ती.

उज्ज्वला आतून केव्हा बाहेर आली मला कळलं नाही. तिनं गोळ्या पाकिटात घातल्या, पैसे घेतले, सुट्टे परत दिले.

"पोरी," मुळीक तिला म्हणाले, "त्या दिवशी तू म्हणाली हुतीस. फक्त आपलीच सही लागती, दुसऱ्या कुणाची चालत न्हाई. ते कागद कुठं मिळत्यात? नातीच्या नावानं भरायचं म्हणतो. म्हैन्याला हजार. लई उशीर झाला न्हाई ना?"

"नातीला कितवं वर्ष?"

"तिसरं लागलं."

"मग काही उशीर नाही झाला," उज्ज्वला म्हणाली आणि ड्रॉवर उघडून, डेपोतल्या लोकांसाठी मी तिथं फॉर्म ठेवायचे, त्यातला एक काढला. पेन उचलून ते म्हाताऱ्यापुढे धरणार, तेवढ्यात मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"फॉर्म तुम्ही नका भरू, पाव्हणं," मी म्हणाले. "लेकीला घेऊन या. पालक म्हणून तिचं नाव घालायचं, सही तिनं करायची. आणि पोर अठराची झाली, की तिचंही नाव काढायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फॉर्म छातीशी धरून रस्ता ओलांडून स्टँडकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवरून सुटून दुकानात आले, तेव्हा काउंटरशी एक किडकिडीत बाई वाकून लिहीत होती. हात मोकळे. कडेवरची पोर तिच्या पेनला झोंबत होती, त्यामुळे सही वाकडी आली. मी म्हणाले, "असू दे. चालते."